टिकलीचं पोतं

एक होती टिकली. मांजरीचं एवढंसं पिल्लू. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली.

टिकलीचं एक पोतं होतं. मऊ मऊ. थंडीचे दिवस होते. टिकली रोज पोत्यावर निजायची.

एके दिवशी बघते तर काय? पोतं रिकामं नाही!

पोत्यावर बसली होती काजळी. काळी काळी कुत्री. तिच्या कुशीत होती घरच्या हौसामावशीची जुनी चप्पल. काजळी चप्पल चाटत होती.

“काजळी, काजळी, माझं पोतं दे.”

“नाही देणार. मला पिल्लं होणार.”

“खरंच?”

“खरंच. बघ माझं पोट.”

पोट मोठं होतं. टिकली जमिनीवर निजली. पण जमीन गार गार. अंग कापे थरथर.

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली हौसामावशीकडे. मावशी भाकरी थापत होती. थप थप थप.

“मावशी, मावशी, पोतं काढून दे.
काजळी पोतं देईना,
मला झोप येईना.”

मावशी म्हणाली, “बाळा, तिचं पोट वाढलंय. दूधही आलंय. पिल्लं असली तर तिला उठवायचं नाही. खरं काय ते डॉक्टरीणबाई सांगतील. त्या ओढ्याकडून येतायत. आल्या की बघू.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली ओढ्यावर. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांची जीप चिखलात रुतली होती. घुर्रर्र! घुर्रर्र! चाक जागच्या जागी फिरे.

“डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई, काजळीला बघायला चला.
मावशी पोतं काढेना,
काजळी पोतं देईना,
मला झोप येईना.”

“येते गं. पण पोटातलं बघायचं मशीन जीपमध्ये आहे. ढवळ्या बैलाने जीप ओढली, तर येते.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली ढवळ्याकडे.

“ढवळ्या, ढवळ्या, जीप ओढ.
डॉक्टरीण येईना,
मावशी पोतं काढेना,
काजळी पोतं देईना,
मला झोप येईना.”

“ओढीन की. पण मला भूक लागलीय. तात्यांनी कडबा काढला, तर ओढीन.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली तात्यांकडे. तात्या कडब्याच्या गंजीपाशी बसले होते. बोट धरून.

“तात्या, तात्या, कडबा काढा.
ढवळ्या जीप ओढेना,
डॉक्टरीण येईना,
मावशी पोतं काढेना,
काजळी पोतं देईना,
मला झोप येईना.”

“काढतो गं पोरी. पण बोटात काटा मोडलाय. साळुंकीने चोचीने काटा काढला, तर कडबा काढतो.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिकली गेली साळुंकीकडे. साळुंकी भिंतीच्या भोकात बसली होती. अंड्यांवर.

“साळुंकी, साळुंकी, काटा काढ.
तात्या कडबा काढेना,
ढवळ्या जीप ओढेना,
डॉक्टरीण येईना,
मावशी पोतं काढेना,
काजळी पोतं देईना,
मला झोप येईना.”

साळुंकी म्हणाली, “मी उठले, तर अंडी गार पडतील.”

“मी बसते अंड्यांवर.”

“तू? तू तर मांजर!”

“मी नाही खाणार.”

“खरंच?”

“खरंच.”

साळुंकीने टिकलीच्या डोळ्यांत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ती उठली. भुर्रर्र!

टिकली हळूच भोकात शिरली. निळी निळी अंडी पोटाखाली घेतली. पंजा हलवला नाही. मिशीसुद्धा हलवली नाही.

साळुंकीने काटा काढला. टुच्च! लगेच परत आली. अंडी पाहिली. सगळी होती. ऊन ऊन होती.

“जा, टिकली,” साळुंकी म्हणाली. “शहाणी आहेस.”

मग तात्यांनी कडबा काढला. सर्र सर्र.
ढवळ्याने कडबा खाल्ला. कर्र कर्र.
ढवळ्याने जीप ओढली. हैऽऽ!
आणि डॉक्टरीण आली मावशीच्या दारात.

मावशीने काजळीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी काजळीच्या पोटावरून मशीन फिरवलं. हळू हळू.

“पिल्लं असली, तर त्यांची इवली इवली काळजं इथे दिसतील. लुकलुक लुकलुक.”

सगळे पडद्याकडे बघत राहिले. मावशी बघे. टिकली बघे.

लुकलुक दिसेना. काहीच दिसेना.

“पिल्लं नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग हे दूध?” मावशीने विचारलं.

“पोट कधीकधी चुकतं. त्याला वाटतं, पिल्लं आहेत. काजळी खोटं नाही बोलली हं. तिला खरंच तसं वाटलं. चपलेलाच पिल्लू समजली. होईल बरी. तिला जपा.”

मावशीने काजळीला थोपटलं. हळूच उठवलं. पोतं झटकलं. फट फट.

“घे बाळा. तुझं पोतं.”

टिकली पोत्यावर बसली. मऊ मऊ. काजळी बसली गार जमिनीवर. चप्पलही चाटेना. कान पाडून बसली.

टिकली म्हणाली, “काजळी, ये.”

काजळी येईना.

टिकली जराशी सरकली. “जागा आहे बघ.”

काजळी उठली. एक पाय पोत्यावर ठेवला. मग दुसरा. मग अंग टाकलं. टिकली तिच्या पोटाशी शिरली. काजळीने तिचं कपाळ चाटलं. एकदाच.

टिकलीला झोप आली.

काजळीला जरा उशिरा आली. पण आली.