सोनखारच्या चर्चमध्ये कोणी वर पाहत नाही

सोनखारच्या लाकडी चर्चमध्ये शिरताना माणसं मान खाली घालतात. शहरातले पाहुणे म्हणतात, केवढी ही भक्ती. म्हणू द्या. तुम्ही बसा इथे पायरीवर, चपला सांभाळा आणि ऐका.

चर्च बांधलं केळवाडीच्या इनास सुतारानं, असं सांगतात. छप्पर चढवताना घोडं अडलं. आढ्याखाली खांब कोणाचा? बंदरपाड्याच्या कोळ्यांनी जुन्या गलबताची डोलकाठी आणून टाकली, केळवाडीच्या बागायतदारांनी फणसाचा सोट. गावचे हे दोन्ही पाडे हटेनात. इनासचा जीव टांगणीला, कारण त्याची लेक रुजाय बंदरपाड्यात द्यायची ठरलेली आणि पाद्रीबाबांनी बजावलेलं, छप्पर नाही तर लगीन नाही.

शेवटी इनासनं दोन्ही खांब उभे केले. मग बंदरपाड्याच्या सांतान तांडेलाला बाजूला घेतलं. "काका, भार तुमच्याच डोलकाठीवर हाय. त्यांचा सोट नुसता शोभेचा. पण वर बघू नका, आणि तुमच्या माणसांनाही बघू देऊ नका. बिचाऱ्यांना कळलं तर वाईट वाटंल." केळवाडीच्या मिंगेल पाटलालाही त्यानं हेच सांगितलं, खांब तेवढा बदलून. दोन्ही पाडे एकमेकांची कीव करत लग्नाला आले.

लग्नात पाद्रीबाबांना स्फुरण चढलं. त्यांना स्वतःला हातभर पलीकडचं दिसत नसे. हात उंचावून म्हणाले, "लेकरांनो, वर पाहा, स्वर्गाकडे."

इनासला घाम फुटला. सारी माणसं जमिनीकडे बघत बसली.

"अरे, वर बघा की."

"नको बाबा," तांडेल म्हणाला, "उगाच कोणाची लाज जायची."

पाटलानं मान डोलावली. "तांडेला, जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास."

लगीन लागलं.

पुढे इनास गेल्यावर कौलं बदलायला दुसरा सुतार वर चढला. बघतो तर काय, दोन्ही खांबांची डोकी आढ्याच्या बोटभर खाली. छप्पर तोललं होतं वाशांनीच, एकमेकांना रेटून. म्हणे, आढ्याला खांब लागतच नव्हता. पण इनास तसं बोलला असता, तर दोन्ही पाड्यांनी त्यालाच तिथे उभा केला असता.

सुतार उतरला, तेव्हा दोन्ही पाडे खाली जमलेले. अलीकडून एकानं त्याला डोळा मारला, पलीकडून दुसऱ्यानं. त्यानंही दोघांना मारला.

आजही सोनखारात चर्चमध्ये मान खाली असते आणि मिशीत हसू. तुम्ही पाहुणे, तुम्ही खुशाल वर बघा. फक्त बाहेर आल्यावर जो कोणी भेटेल, त्याला हळूच सांगा, "तुमच्याच खांबावर हाय."