अध्यक्षपद नको, आभार द्या

एकदा एका लेखिकेचे नाव आयुष्यात प्रथमच फलकावर लागले, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या त्या मोठ्या नगरात दर हिवाळ्यात सांस्कृतिक महोत्सव भरे. गाणी होत, नाटके होत, खाण्याच्या गाड्यांपुढे झुंबड उडे, आणि या सगळ्या गलबल्यात एक मांडव पुस्तकांचाही असे. तिथे रोज संध्याकाळी एक लेखक आपल्या पुस्तकाविषयी बोले. यंदा मंगळवारी पाच वाजता ती बोलणार होती. तिची पहिलीच कादंबरी आली होती. एक खानावळ आणि ती चालवणारी बाई, एवढाच तिचा विषय.

निमंत्रणपत्रिका हातात पडली आणि तिचे पाय काही जमिनीवर ठरेनात. ती तडक आपल्या गुरूंच्या घरी गेली. हे गुरुजी म्हणजे नगरातले सर्वांत वडीलधारे लेखक. अकरा महिने त्यांनी तिच्या कादंबरीचे खर्डे लाल पेन्सिलीने तपासले होते, पण 'छान' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्या नगरात गुरुजी एखाद्या पुस्तकाबद्दल चार शब्द चांगले बोलले की ते पुस्तक घरोघर पोचे. ते चार शब्द आपल्या वाट्याला यावेत, एवढेच तिला हवे होते. त्यासाठी तिने एक बेतही रचला होता.

"गुरुजी, बघा तरी. माझं नाव छापलंय."

गुरुजींनी चष्मा लावून पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "छापलंय खरं. आणि चहाच्या जाहिरातीपेक्षा मोठं छापलंय. प्रगती आहे."

"तुम्ही अध्यक्ष व्हायचं. आयोजक म्हणाले, तुम्ही हो म्हणालात तर मांडव अपुरा पडेल."

"अध्यक्ष नको," गुरुजी म्हणाले. "आभाराचं काम कोणाकडे आहे?"

"आभार? ते अजून कोणाला दिलेलं नाही."

"मग ते मला दे. म्हणजे मी येतो."

सभा-संमेलनांना जाणाऱ्या वाचकांना हे निराळे सांगायला नको की आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा भाग नसून चपला शोधण्याची वेळ असते. ते काम सहसा अशा माणसाला देतात, ज्याला काहीच दिले नाही तर तो रुसेल. नगरातल्या सर्वांत थोर लेखकाने ते आपण होऊन मागावे, याचा अर्थ तिला एकच लागला. गुरुजींना आपल्या पुस्तकामागे आपला शब्द उभा करायचा नाही. आभार मानताना पुस्तकावर बोलावे लागत नाही, मांडववाल्याचे नाव घेतले की भागते. ती हिरमुसली. वाटेत तिने पत्रिका पिशवीत उलटी ठेवली.

आयोजक काळसेकरांनी तर कपाळाला हात लावला. "ताई, थट्टा करताय का? त्यांना आभार दिले तर लोक आम्हाला जोड्यानं मारतील."

"त्यांनीच मागितलंय."

काळसेकरांनी बराच विचार केला आणि रिकामे राहिलेले अध्यक्षपद मोठ्या नाइलाजाने स्वतःकडे घेतले. तो नाइलाज त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मंगळवार उजाडला. ऐन पाचच्या ठोक्याला शेजारच्या मोठ्या मांडवात एक लोकप्रिय नट येणार असल्याचे कळले आणि आता आपल्याकडे कोण फिरकणार, असे शिष्येला वाटले. पण झाले भलतेच. 'गुरुजी आभार मानणार आहेत म्हणे' ही बातमी गावभर पसरली होती. असे कधी कोणी ऐकले नव्हते, तेव्हा ते पाहायलाच हवे म्हणून लोक आले. खुर्च्या भरल्या, मागे माणसे उभी राहिली, कडेच्या दोऱ्यांना टेकून आणखी राहिली. व्यासपीठावरून हे दृश्य पाहताना आपल्याला आनंद होतो आहे की भीती वाटते आहे, हे तिलाच कळेना. बहुधा दोन्हीही.

ती बोलायला उठली आणि सुरेख बोलली. शिकत असताना ती तीन वर्षे एका खानावळीत जेवली होती, तिथून तिने सुरुवात केली. साठ पोरांच्या पंक्ती, भिंतीवरचे वेळापत्रक, रविवारी एकदाच मिळणारे गोड. मग तिने पुस्तकातला एक प्रसंग वाचला. दुपारी तीन वाजता सगळे आवरल्यावर बाई वरणाच्या तळाला पाणी घालते, त्याला पुन्हा फोडणी देते आणि उरल्या भातावर घेऊन एकटीच जेवायला बसते. लोक हसले, गलबलले, पुन्हा हसले. आपला आवाज मांडवाच्या कनातीपर्यंत जातो आहे, हे तिला अंगावर जाणवत होते. इतका आनंद तिला यापूर्वी कधी झाला नव्हता.

या आनंदात दोनच खडे होते. शेजारी बसलेले अध्यक्ष मान खाली घालून एकामागून एक कागद लिहीत होते. आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले गुरुजी तिच्याकडे बघतच नव्हते. ते खुर्चीत तिरपे बसून मागच्या लोकांकडे पाहत होते. एकदा तर ते चक्क वळून बसले. तिला वाटले, बघवतसुद्धा नाही यांना माझ्याकडे.

मग प्रश्न आले. दोन तरुणांनी लेखनाच्या सवयींबद्दल विचारले. शेवटी तिसऱ्या रांगेतून निळ्या लुगड्यातल्या एक बाई उठल्या.

"ताई, तुम्ही आत्ता वाचलंत. ती बाई सगळ्यांना वाढून शेवटी एकटी जेवते. तर तिला कधी कोणी विचारलं का, की बाई, तू जेवलीस का म्हणून?"

"फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात," शिष्या म्हणाली. या विषयावरचे उत्तर तिने घरून तयार करून आणले होते. स्त्रीचे अदृश्य श्रम, त्यांचे न होणारे मोल, समाजाची उदासीनता असे सगळे तिने दोन मिनिटांत नेटके मांडले. टाळ्या पडल्या. बाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या, मग खाली बसल्या.

पाठोपाठ अध्यक्ष उठले. स्वतःच्या बालपणापासून निघून, मध्ये महोत्सवाच्या इतिहासात मुक्काम करून, पंचवीस मिनिटांनी ते पुस्तकाच्या नावापर्यंत पोचले, आणि तेही त्यांनी चुकीचे सांगितले. मग आभाराची घोषणा झाली. नुसत्या शब्दानेच खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या. सवयीपुढे उत्सुकतेचेही काही चालत नाही.

गुरुजी माइकपाशी आले.

"पाचव्या रांगेत खांबाशी बसलेल्या गृहस्थांचे आभार," ते म्हणाले. "फोडणीचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या ओळखीची दुसरी कुठली तरी फोडणी त्यांना आठवली असावी."

उठलेले लोक अर्ध्यात थांबले. खांबाशी बसलेले गृहस्थ डोळे पुसू लागले.

"त्यांच्या मागच्या दोन मुलींचे आभार. त्या नटाला बघायला निघाल्या होत्या, इथं जरा टेकल्या. अजून टेकलेल्याच आहेत." हशा पिकला आणि निम्मे लोक पुन्हा खाली बसले. "अध्यक्षांचे आभार. ऐकता ऐकता त्यांनी सहा कागद लिहिले, हे येरागबाळ्याचं काम नव्हे."

काळसेकर खूश होऊन हसले.

"आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईंचे आभार. त्यांनी विचारलं, त्या खानावळवालीला 'तू जेवलीस का' असं कधी कोणी विचारलं का. त्यांना मिळालेलं उत्तर छान होतं. पण टाळ्या संपल्यावरही बाई उभ्या होत्या, ते मी पाहिलं. त्यांना आणखी थोडं थांबता आलं, तर त्यांचे दुप्पट आभार."

एवढे बोलून गुरुजी खाली उतरले. आभारानंतर व्यासपीठावरून कोणी बोलायचे नसते, हा सभेचा शिरस्ता. माइकवाल्याने वायर काढायला घेतलीही होती. शिष्येचा चेहरा कानापर्यंत तापला. आपण एका माणसाच्या प्रश्नावर भाषण ठोकले आणि प्रश्न ऐकलाच नाही, हे तिला आत्ता कळले. भर सभेत गुरूंनी ते दाखवून दिले होते. मागच्या पायऱ्यांनी निघून जावे असे तिला एक क्षण वाटले.

ती पुढच्या पायऱ्यांनी उतरली आणि तिसऱ्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, मघाशी मी तुमचं ऐकलंच नाही. नाही विचारलं तिला कोणी. पुस्तकात नाही आणि खरोखरही नाही. मी तीन वर्षं जेवले तिच्या हातचं. रोज ताट सरकवून निघून जायचे." तिचा आवाज माइकशिवाय बारीक येत होता, आणि मागचे लोक ऐकायला पुढे सरकले. "मी एकदाही विचारलं नाही. बहुतेक म्हणूनच लिहिलं मी हे पुस्तक."

हे शेवटचे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "माझी खानावळ आहे, स्टँडच्या मागं. बत्तीस पोरं जेवतात," त्या म्हणाल्या. "मघाशी पुस्तक घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. आता द्या एक. नाव घालून द्या."

मग जो गराडा पडला, त्यात शिष्या दिसेनाशी झाली. खांबाजवळचे गृहस्थ आपल्या खानावळीची हकिकत सांगू लागले, त्या दोन मुली मध्येच शिरल्या, प्रत्येकाला कोणी तरी वाढलेले आठवत होते. तासाभरापूर्वी सगळे तिचे ऐकत होते. आता ती ऐकत होती, आणि व्यासपीठावरच्या आनंदाहून हा आनंद दांडगा होता.

दिवे लागले तेव्हा ती गुरुजींना घरी पोचवायला निघाली.

"रागावलीस माझ्यावर?" गुरुजींनी विचारले.

"रागावले होते. वाटलं, तुम्हाला माझ्या पुस्तकासाठी शब्द टाकायचा नाही. आणि मी बोलत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता."

"तुझा आवाज येत होता की मला. तो कुठं पोचतोय, ते बघत होतो." गुरुजी चालता चालता थांबले. "अध्यक्षाला शेवटी बोलायचं असतं. त्यामुळे तो पहिल्यापासून स्वतःचंच भाषण ऐकत बसतो. मी एकेचाळीस सभांचा अध्यक्ष झालो. माझी सगळी भाषणं मला आठवतात. समोरचे लेखक काय बोलले, ते एकाचंही आठवत नाही. आभार मानणाऱ्याची गोष्ट निराळी. त्यानं ऐकलंच नाही, तर तो आभार कशाचे मानणार? तुझी कादंबरी मी अकरा महिने वाचली, तीही हातात लाल पेन्सिल घेऊन. ते ऐकणं नव्हतं, दुरुस्त्या काढणं होतं." ते पुन्हा चालू लागले. "मला एकदा नुसतं तुझं ऐकायचं होतं गं."

सकाळपासून जिची बडबड थांबली नव्हती, ती शिष्या गुरुजींच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागली. जे चार शब्द मिळावेत म्हणून तिने एवढा खटाटोप केला होता, त्यांची आता तिला गरज उरली नव्हती.

वाचकहो, पुढच्या सभेत आभार सुरू होताच तुम्ही उठलात तरी कोणी काही म्हणणार नाही, पण पायात चपला सरकवताना, तासाभरात नेमके कोणाचे ऐकले, एवढे मात्र आठवून पाहा.