मिरचीच्या रोपांना सोसेल तेवढं ऊन

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावची मिरची बोटभर लांब, लालभडक आणि अशी झणझणीत, की दूरदूरची माणसं बाजारात तिचं नाव घेऊन विचारत यायची.

एका वर्षी गावावर मोठी गारपीट झाली. शेतातली झाडं गेली आणि घराघरांत राखून ठेवलेलं बियाणंही भिजून कुजलं. वाचली ती फक्त एका कुंभारणीच्या चुलीवर टांगलेली मिरच्यांची माळ. हे कळताच गावचा पाटील स्वतः तिच्या दारी आला.

"बाई, आता सगळं तुझ्या हातात. या माळेतल्या बियांची रोपं जगली तर आपली मिरची राहील, नाहीतर तिचं नावच संपलं म्हणायचं."

कुंभारीण लाजरी होती. ती मान खाली घालून एवढंच म्हणाली, "बरं."

तिने नवऱ्याने घडवलेल्या पसरट कुंड्यांत माती आणि शेणखत कालवलं, बी पेरलं. थोड्याच दिवसांत हिरवे कोंब वर आले. शेजारची म्हातारी तेलीण कुंपणावरून डोकावली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, उघड्यावर काय ठेवलंस! गावाचं शेवटचं बियाणं हे. कुणाची दृष्ट लागली म्हणजे? झाक, झाक!"

कुंभारीण घाबरली. तिने कुंड्या उचलून आतल्या खोलीत नेल्या आणि त्यांवर जुनं लुगडं पसरलं. रोज लुगड्याचं एक टोक उचलायचं, पाणी शिंपडायचं, मीठमोहऱ्या ओवाळायच्या आणि पुन्हा झाकायचं. रोपं भराभर उंच होत होती. कुंभारीण मनात हरखून गेली.

पण एके सकाळी पाहते तर निम्मी रोपं आडवी! उरलेली पिवळीफटक, दोऱ्यासारखी बारीक, आणि सगळीच्या सगळी दाराच्या फटीकडे माना वळवून उभी. तिने घाबरून तेलणीला हाक मारली.

"आत्याबाई, हे काय झालं हो?"

"बाई गं! ही रोपं आहेत की शेवया?"

"तुम्हीच झाकायला सांगितलं ना!"

"मी माणसांच्या नजरेपासून झाक म्हटलं होतं. सूर्याने तुझं काय वाईट केलंय?"

कुंभारणीला इतकी शरम वाटली, की तिने मागचापुढचा विचार न करता सगळ्या कुंड्या अंगणात नेऊन भर दुपारच्या उन्हात मांडल्या. 'इतके दिवस उपाशी होती, आता पोटभर घेऊ देत,' असं तिला वाटलं. दिवस कलल्यावर येऊन बघते, तर पानं पांढरी पडून कागदासारखी वाळली होती. हिरवी म्हणावी अशी जेमतेम मूठभर रोपं उरली.

तिच्या डोळ्यांपुढे पाटलाचा चेहरा आला. आता गावाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला मदत करायला उभी राहिली, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिने एक ओलं मडकं उचललं आणि सरळ अंगणाकडे निघाली. कुंभार ओरडला, "अगं, अगं! ते कालच घडवलंय. उन्हात नेलंस तर तडकेल! आधी सावलीत सुकू दे, मग कोवळं ऊन दाखव, मग..."

तो बोलता बोलता थांबला, कारण बायको जागच्या जागी खिळली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "लग्न होऊन आल्यापासून मी हेच करतेय. मडक्याला जपते तसं रोपांना जपावं, हे मला सुचलं कसं नाही?"

त्या दिवसापासून तिने रोपं सावलीत ठेवली, पण सावली उजेडाची. मग सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ, आणि ऊन तापलं की वर गवताचा विरळ मांडव. पान मलूल झालं की कुंडी मागे घ्यायची, पान टवटवीत राहिलं की दुसऱ्या दिवशी जरा जास्त वेळ उन्हात ठेवायची. हळूहळू जुनी पानं गळून नवी आली. ती जाड होती, गर्द हिरवी होती.

एवढ्यात लावणीचा मुहूर्त आला. त्या गावात सगळ्यांनी एकाच दिवशी, हलगीच्या तालावर मिरची लावायची रीत होती. पाटील, हलगीवाला आणि अख्खं गाव कुंभारणीच्या दारात जमलं.

"चल बाई, काढ रोपं."

कुंभारणीने आधी मान खाली घातली. तरी ती कुंड्यांपुढे आडवी उभी राहिली.

"नाही पाटील. अजून यांना दुपारचं ऊन सोसत नाही. शेतात सावली कुठून आणू?"

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त पुढच्या वर्षी पुन्हा येईल. ही रोपं गेली तर पुन्हा येणार नाहीत."

"कुंभारणीला तोंड फुटलं बरं का!" कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले, कुरकुरले. पाटील वळला. हलगी न वाजताच परत गेली.

कुंभारीण त्या रात्री जेवली नाही. पण सकाळी तिने कुंड्या पुन्हा उन्हात मांडल्या.

पुढे एक दिवस असा आला, की भर दुपारी सगळ्या कुंड्या उघड्यावर होत्या आणि एकही पान मान टाकत नव्हतं. तिने खोडाला बोट लावून पाहिलं. ते काडीसारखं कणखर होतं. त्याच संध्याकाळी नवराबायकोने दोघांनीच रोपं शेतात लावली.

एकही रोप मेलं नाही. झाडं कमरेएवढी झाली, फुलली, आणि मग अशी लगडली, की फांद्यांना आधाराच्या काठ्या द्याव्या लागल्या. ती लालेलाल झाडं बघायला सगळं गाव बांधावर लोटलं. तेलीण तर झाडांवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत सुटली, "शेजारीण कुणाची आहे, विचारा!"

बियाणं न्यायला घराघरांतून बाया पदर पसरून आल्या. ती लाजरी कुंभारीण आता प्रत्येकीला मोठ्या आवाजात सांगत होती, "झाकून ठेवू नका गं, आणि एकदम उन्हात टाकूही नका!"

पुढच्या वर्षी पाटील पुन्हा तिच्या दारी आला. या वेळी त्याने आधी हात जोडले.

"बाई, लावणीचा मुहूर्त कधीचा धरू?"

कुंभारीण हसली. "थांबा पाटील, दुपारी रोपांना बघून सांगते."

आणि तिने सांगितलेल्या दिवशी गावात हलगी कडाडली.

या गोष्टीचं तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला भीतीने झाकून ठेवू नये आणि घाईने उन्हात ढकलू नये, त्याला सोसेल तेवढंच द्यावं, आणि ते रोज थोडं वाढवत जावं.