रांगेचं शेपूट

“…मग माझ्या खड्ड्यापाशी अपघात का होत नाही, बाबा? अर्धा रस्ता तर तिथंच खोदलाय.”

गफूरबाबा दर्ग्याच्या पायरीवर चहा फुंकत होते. याच घाटात तीस वर्षं ट्रक चालवून ते फकीर झाले होते. समोर उभी होती मृण्मयी, रुंदीकरणाच्या कामावरची इंजिनिअर.

फलक, दिवे, लाल झेंडा घेतलेला माणूस, तिनं सगळं नियमानुसार खड्ड्यापाशी लावलं होतं. तरी पंधरवड्यात दोन अपघात झाले, दोन्ही मागे, वडाच्या वळणापलीकडे. काल एक मोटरसायकलवाला पाय गमावून बसला. तिसरा अपघात तिला होऊ द्यायचा नव्हता.

“गर्दी झाली की अपघात होणारच,” ती म्हणाली.

“गर्दीत गाड्या मुंगीच्या चालीनं जातात. मुंगीला मुंगी धडकून मेलेली पाहिलीस?”

म्हाताऱ्यांना सरळ उत्तर देताच येत नाही, असं तिच्या मनात आलं.

“घाटात ट्रक बंद पडला, तर ड्रायव्हर काय करतो?” बाबांनी विचारलं.

“झाडाची फांदी तोडून रस्त्यावर ठेवतो.”

“कुठं?”

“मागं.”

“किती मागं?”

मृण्मयी बोटांवर मीटर मोजू लागली.

बाबा उठले. खड्ड्यापाशी जाऊन त्यांनी झेंडेवाल्याच्या हातातला झेंडा काढून घेतला आणि थांबलेल्या गाड्यांच्या कडेनं घाट चढू लागले. झेंड्याची जागा नकाशात इथंच आहे, असं ओरडत ती मागे धावली. टेम्पो गेले, एसटी गेली, वड आला. वळणापलीकडे रांगेतली शेवटची गाडी, एक जीप, उभी होती. बाबा थांबले नाहीत. आणखी पन्नास पावलांवर त्यांनी झेंडा तिच्या हातात दिला.

वरून ट्रकची घरघर आली.

तिनं जिवाच्या आकांतानं झेंडा हलवला. ब्रेक किंचाळले. ट्रक तिच्या बाजूनं सरपटत गेला आणि जीपच्या मागं वीतभर अंतरावर थांबला.

“काय मॅडम, कुणाची वरात आहे?” ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मृण्मयीला हसू आवरेना. जागा सापडली होती. तिनं चुन्याच्या खड्यानं दगडावर ठळक फुली मारली. उद्यापासून झेंडेवाला इथंच उभा राहील, असं तिनं बाबांना जाहीर करून टाकलं.

ती वळून पाहते, तर ट्रकमागे टँकर, टँकरमागे तीन मोटारी. रांग तिची फुली ओलांडून गेली होती.

बाबा केव्हाच पुढे निघाले होते.

“बाबा,” झेंडा सावरत ती पळाली, “कुठवर जायचं?”

“ज्याला रांग अजून दिसली नाही, त्याच्यापर्यंत.”