चित्रातली चामखीळ

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गावात चर्चचे मानकरी टिल्सन तणतणत छापखान्यात शिरले. नव्या विनोदी कादंबरीच्या चित्रात एक ढोंगी दाता अनाथ पोरांची नाताळची मिठाई स्वतःच मटकावत होता.

"हा मीच आहे. चामखीळसुद्धा माझीच. सगळ्या प्रती जाळा."

चित्रं काढणाऱ्या लव्हिनाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमची चामखीळ डाव्या गालावर आहे, गावाला ती तिथेच दिसते. याची उजव्या गालावर आहे. उजवीकडे ती दिसते फक्त तुम्हाला, आरशात. मग या माणसाला तुम्ही पाहिलंत कुठे?"

टिल्सनांना अनाथ पोरांची आपण खरोखर खाल्लेली ती मिठाई आठवली आणि मान वर होईना. दुसऱ्या दिवशी ते चर्चमध्ये आले ते गालावर वस्तऱ्याचे काप घेऊन. दाढी करताना आरशात बघायची लाज वाटली होती.