चौरंग आणि घोडा

म्हाळसाआजी नदीच्या घाटावर घसरून पडली, तेव्हा सरदार हैबतरावांनी हुकूम सोडला, "साठी उलटलेल्या कुणी घाटावर जायचं नाही. पाणी आमचे गडी भरतील."

आजीला त्यांची माया कळली. पण घाटावरच्या गप्पा गडी कशा आणून देणार? ती थेट सरदारांच्या दारी गेली. हैबतराव चौरंगावर पाय ठेवून घोड्यावर चढत होते.

"सरकार, तुमचे उपकार आहेत," आजी म्हणाली. "पण गेल्या साली घोड्यावर चढताना तुम्ही पडलात, तेव्हा तुम्हांला चौरंग मिळाला. घोडा कुणी काढून घेतला नाही."

हैबतराव चढता चढता थांबले आणि हसले.

आठ दिवसांत घाटाच्या पायऱ्यांना कठडा बसला. तो धरून आजी रोज खाली उतरते, सूर्याला ओंजळ देते आणि हैबतरावांना उदंड आयुष्य मागते, घोड्यासकट.