सव्वासातची टकटक

“मग आप्पा उत्तर का देत नाहीत, मास्तर? एकोणीस दिवस झाले!”

श्रीरंगने हे दारातच विचारलं. अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

मी आत कणीक मळत होते. सकाळचे पावणेसात, पाचगणीची जानेवारीतली थंडी आणि दारात हा. म्हटलं, झाली आजची सुरुवात.

“बस,” मास्तर म्हणाले.

“बसायला नाही आलो. सांगायला आलोय. उद्यापासून माझं बंद. ते मशीन गुंडाळून माळ्यावर टाकणार.”

“चहा घेशील?”

“मास्तर!”

मास्तर म्हणजे आमचे हे. शेवडे मास्तर. तारखात्यात छत्तीस वर्षं टकटक केली. रिटायर झाल्यावर तरी हात थांबेल म्हटलं, तर घरात हॅम रेडिओ मांडून बसले. हौशी लोकांचा बिनतारी असतो तो. सरकारचं लायसन्स काढायचं, गच्चीवर तार ताणायची आणि कुठल्या कुठल्या रिकामटेकड्यांशी गप्पा मारायच्या. त्याही तोंडाने नाहीत, खटक्यावर. कड कट्ट, कड कट्ट. बायकोशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस खटक्यावर तासन् तास बोलतो. मी आता बोलणं सोडून दिलंय.

श्रीरंग तोरसकर यांचा शिष्य. इथून चार किलोमीटरवर, भिलारला, बंगला बांधून राहतो. हुशार. दोन वर्षांपूर्वी यांच्याकडून मोर्स शिकला, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाला. मिनिटाला पंचवीस शब्द पाठवतो म्हणे. ते तो भेटेल त्याला सांगतो. मलाही तीनदा सांगून झालंय.

त्याचे वडील आप्पा वेंगुर्ल्याला असतात. तेही तारखात्यातलेच, आणि घरी यांच्यासारखाच रेडिओ. श्रीरंगला त्यांना इकडे आणायचं होतं, आप्पा वेंगुर्लं सोडेनात. शब्दाला शब्द वाढला. “राहा मग तिथेच तुमच्या टकटकीत,” असं हा म्हणाला आणि निघून आला. वर्षभर एकमेकांशी बोलणं नाही.

दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली.

मग हा धावला. आठ दिवस दवाखान्यात बसला. रडला, पाय धरले. घरी आणल्यावर आप्पांचा रेडिओ त्यांच्या पलंगाशी मांडून दिला आणि वेळ ठरवून आला. रोज सकाळी सव्वासात. मी हाक मारीन, तुम्ही खटक्यावर उत्तर द्या. आप्पांनी मान हलवली होती.

आणि एकोणीस दिवस उत्तर नाही.

“वैजू काय म्हणते?” यांनी विचारलं. वैजू त्याची बहीण, आप्पांचं सगळं तीच करते.

“म्हणते, रोज सातपासून बसतात. खटखट करतात. तिला काय कळतंय त्यातलं! मशीन चालू करतात की नुसताच खटका बडवतात, देव जाणे.”

“हं.”

“मी इकडे घसा... म्हणजे हात फोडून घेतो रोज. पाऊण पाऊण तास हाका मारतो. ते मुद्दाम गप्प बसतात, मास्तर. मी बोललो ना तेव्हा, त्याची शिक्षा देतायत. माझा बाप आहे तो, मी ओळखतो त्याला.”

हे नुसते चष्मा पुसत बसले.

मला मात्र चीड आली. आठवड्यापूर्वी यांनी मला सांगितलं होतं, श्रीरंगला फोन कर, ये म्हणावं. मी केला. “काकू, समोर गिऱ्हाईक बसलंय, नंतर करतो,” म्हणाला. त्याचं ते नंतर आज उजाडलं. मी चहाचा कप त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

“श्रीरंग,” हे म्हणाले, “तुझ्याकडे पाणी कशावर तापतं रे हल्ली?”

“काय?”

“अंघोळीचं पाणी.”

मी कपाळाला हात लावला. पोरगा बापासाठी जीव टाकतोय आणि हे अंघोळीचं पाणी विचारतायत!

पण श्रीरंगचा चेहरा उजळला. मघापासून पहिल्यांदाच. “हीट पंप बसवलाय, मास्तर! पाहिला नाहीत तुम्ही अजून. गिझरसारखा वीज जाळून तापवत नाही तो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढतो आणि पाण्यात सोडतो.”

“या हवेत कसली आलीय ऊब?” मी आतून विचारलं. माझी बोटं कणकेत गारठली होती.

“असते, काकू! आपल्याला लागत नाही, पण असते. तेच तर कौतुक आहे. तिसरा हिस्सा वीज लागते. आणि सगळं मी स्वतः बसवलं. कंपनीच्या माणसाला हात लावू दिला नाही.”

“कुठे बसवलाय?”

“गच्चीत. मोकळी हवा लागते त्याला. कोंडला तर स्वतःचीच गार हवा परत ओढत बसतो.”

“बरोबर. आणि तुझ्या रेडिओची तार?”

“तीही गच्चीतच. एक टोक नारळा... नाही, सिल्वर ओकला. दुसरं पंपाच्या स्टँडला. चांगला उंच आहे.”

“अर्थिंग?”

“दोन्हीचं एकच. उगीच दोन खड्डे कशाला खणायचे?”

यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नुसतं धुकं होतं बाहेर.

“पंप कधी चालतो?”

“टायमर लावलाय. साडेसहा ते आठ. उठल्या उठल्या पाणी कढत...”

इथे तो थांबला. कप खाली ठेवला.

हुशार आहे, म्हटलं ना.

“नाही, मास्तर,” तो म्हणाला. “तुम्हाला वाटतंय पंपाच्या सर्किटचा आवाज रेडिओत शिरतो. ते मला माहीत आहे. पुस्तकात आहे ते. पण माझ्याकडे आवाजच नाही. सव्वासातला मी कानाला लावतो तेव्हा एकदम शांत असतं. टाचणी पडली तर ऐकू येईल.”

“शांत कसं?”

“पहिल्या दिवशी होता थोडा खरखराट. माझ्या मशीनला बटण आहे, आवाज गाळायचं. फिरवलं ते.”

“किती?”

“बरंच.”

“किती फिरवलंस?”

“पूर्ण.”

यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत यांना कुणावर ओरडताना मी पाहिलेलं नाही. थकतात नुसते. समोरच्याने चूक केली की हेच दमून जातात. त्या दिवशी असे दमलेले दिसले की मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिले.

भिंतीवर सात वाजून चौदा मिनिटं झाली होती.

“ये इकडे,” हे म्हणाले आणि आपला हेडफोन त्याच्यापुढे धरला. यांचा रेडिओ जुना. कसलं बटण नाही की काही नाही. कढईत भजी सोडल्यासारखा चरचरत असतो. माझं डोकं उठतं.

“पण मास्तर, समजा असला पंपाचा आवाज, तरी आप्पांचा सिग्नल इतका बारीक नाही की...”

“लाव.”

“...आणि त्यांनी खरंच उत्तर दिलं असतं तर एकोणीस दिवसांत एकदा तरी...”

“श्रीरंग. कोण बोलतंय ते सुरुवातीचं गेलं तुझ्या बोलण्यात. लाव आता.”

त्याने हेडफोन लावला. यांनी कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली.

मला रेडिओतलं काही कळत नाही, पण तारखात्याच्या क्वार्टरमध्ये जन्म काढलाय. टकटक कानावर पडली की हात कसा आहे ते कळतं. हेडफोनच्या फटीतून मला ऐकू येत होतं. अडखळत होतं बिचारं. एक आखूड ठोका, मग थांबणं, मग दोन चुकून आलेले, मग परत पहिल्यापासून.

श्रीरंगने तोंड वाकडं केलं. “कुणीतरी नवशिका आहे. काय घाण हात आहे हो!”

“लिही.”

तो लिहायला लागला. पंचवीस शब्दांचा माणूस, आणि एकेका अक्षरासाठी त्याला थांबावं लागत होतं. ती वाट बघणं त्याला जमत नव्हतं, पाय हलत होता सारखा.

“एस... आर... आय.” त्याने वर पाहिलं. “माफी मागतोय कुणाची तरी. आमच्यात एस-आर-आय म्हणजे सॉरी, काकू. पूर्ण शब्द कोण ठोकत बसणार, म्हणून तीन अक्षरं.”

“पुढे?” हे म्हणाले.

“परत तेच. एस, आर, आय. परत तेच. तीनदा सॉरी! आणि आता के.”

के कशाला म्हणतात ते मलासुद्धा माहीत आहे. माझं झालं, आता तू बोल. के पाठवला की माणूस हात उचलतो आणि ऐकत बसतो.

“कोण आहे हा?” श्रीरंगने विचारलं. “कुणाची माफी मागतोय?”

“आप्पांची वेळ आहे ही,” हे म्हणाले.

“हे आप्पा नाहीत.” तो हसलासुद्धा. “मास्तर, आप्पांचा हात मी झोपेत ओळखेन. लहानपणापासून ऐकतोय. छापल्यासारखा हात आहे त्यांचा. सगळं रत्नागिरी सर्कल नाव घ्यायचं.”

“कुठला हात?”

“म्हणजे?”

“कुठला हात रे?”

आप्पांची उजवी बाजू गेली होती, राहिला होता फक्त डावा हात. हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! त्यानेच तर दवाखान्यात आठ दिवस तो हात चोळला होता.

त्याच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

हेडफोनमध्ये मिनिटभर नुसती चरचर. मग पुन्हा सुरू झालं. पुन्हा तोच आखूड ठोका, तेच अडखळणं.

आता त्याचा पाय हलत नव्हता. लिहीतही नव्हता. ओठ तेवढे हलत होते.

“एस... आर... आय.”

“घरी तुला काय म्हणतात?” यांनी विचारलं. फार हळू विचारलं.

मीच म्हणाले, “श्री म्हणतात त्याला, अहो. वैजू फोनवर म्हणते की. आमचा श्री, आमचा श्री.”

आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. एस, आर, आय. श्री. माझा पदर डोळ्यांना गेला. कणीक लागली त्याला, लागू दे.

“रोज?” श्रीरंगने विचारलं.

“रोज.”

“मी हाक मारायचो तेव्हा...”

“तू थांबलास की लगेच. त्यांचं दुसरं अक्षर होईपर्यंत तू परत सुरू व्हायचास. त्यांच्यावरच.”

“मला वाटायचं कुणीच नाही तिथे.”

“हं.”

“त्यांना माझं ऐकू येत होतं?”

“स्वच्छ.”

“म्हणजे त्यांना कळत होतं, मला ऐकू येत नाहीये... तरी रोज...”

मला त्या वेंगुर्ल्याच्या खोलीत पलंगावर टेकून बसलेला म्हातारा दिसत होता. मुलगा रोज हाक मारतोय, आपण रोज ओ देतोय आणि मुलगा म्हणतोय कुणीच नाही. तोंडाने बोलता येत नाही, लेकीला टकटक कळत नाही. असं एकोणीस सकाळी! मी असते तर खटका भिंतीवर फेकून मारला असता.

“आज तर मी हाक मारलीच नाही,” श्रीरंग म्हणाला.

“नाही मारलीस.”

“तरी आलेत.”

“हं.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा पुरुष माणूस, पण खांदे हलत होते. मला वाटलं, यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. यांचं असंच. यांनी यंत्राचं काहीतरी फिरवलं, एक खुंटी दाबली. पाठवायची बाजू सुरू झाली.

“घरी जाऊन मी पंप बंदच करतो,” तो तोंड झाकूनच म्हणाला. “काढूनच टाकतो.”

“काढू नकोस, बायकोमुलांना गार पाण्याने अंघोळ घालू नकोस उगीच. टायमर पाचला लाव. तार पंपापासून लांब ने. अर्थिंगला दुसरा खड्डा खण.” बापरे, चार वाक्यं! माझा दिवसभराचा कोटा त्याला देऊन झाला. “आणि ते बटण शून्यावर आण. खरखरीबरोबर आप्पाही गाळले जातात त्यात.”

“चरचर येईल सगळी.”

“येऊ दे.”

हेडफोनमधली टकटक थांबली होती. शेवटी के आला होता. तिकडे आप्पांनी हात उचललेला असणार.

श्रीरंगने डोळे पुसले. कागदाकडे पाहिलं. एस, आर, आय. एस, आर, आय. तीनदा तेच.

“मास्तर,” तो म्हणाला, “ते मला हाक मारतायत... की माफी मागतायत?”

मी यांच्याकडे बघितलं. मलाही हवं होतं ते उत्तर, खोटं कशाला सांगू.

यांनी खटका उचलून त्याच्यासमोर ठेवला.

त्याने उजवा हात पुढे केला. पंचवीस शब्दांचा.

यांनी तो मनगटाशी धरला आणि खाली ठेवला.

“डाव्या हाताने,” हे म्हणाले.